रेट वरून येतो, ताई

नाशिकच्या सातपूरमधल्या ज्या कारखान्यात मी खरेदी खातं सांभाळते, तिथे तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय नटबोल्टाचीही ऑर्डर निघत नाही. सप्लायर कितीही जुना असो, वर्षातून एकदा त्याचा रेट बाजाराशी ताडून पाहायचाच, असा शिरस्ता. गेल्या दिवाळीनंतर तोच शिरस्ता मी घरच्या बिलांना लावला. कारण सरळ होतं. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दरमहा निघायला लागले, आणि पगार काही पुण्याला विचारून वाढत नाही.

एका रविवारी बँकेचं स्टेटमेंट, नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाचं बिल आणि दोघांच्या यूपीआयच्या नोंदी घेऊन बसले. किराणा, भाजी, पेट्रोल बाजूला ठेवलं. ठरल्या तारखेला न विचारता जाणारे पैसे तेवढे वहीत उतरवले आणि त्यांचे दोन भाग केले. ज्याचा दर सरकार किंवा आयोग ठरवतो तो एक, आणि ज्याचा दर कुणातरी माणसाच्या हातात असतो तो दुसरा. घासाघीस करायची ती दुसऱ्या भागात. पहिल्यात शक्ती घालवण्यात अर्थ नाही.

वीज पहिल्या भागात. महावितरणचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, कार्यालयात जाऊन कितीही गोड बोललं तरी युनिटमागे पैसा सुटत नाही. तिथे हाती असतं ते एवढंच: कागदी बिल बंद करून ‘गो ग्रीन’ घेतलं की बिलामागे १० रुपये, बिलावर छापलेल्या लवकरच्या तारखेआत भरलं तर साधारण एक टक्का, आणि आपला वापर कोणत्या टप्प्यात आहे त्यावर नजर. १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचा ठाम समज आहे की ३०१ वं युनिट पडलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो. तसं नाही, वरचा दर ३०० च्या पुढच्या युनिटांनाच. तरीही तो झोंबतोच. नाशिकला एसी लागतो तो एप्रिल-मे, फार तर जूनचा पहिला आठवडा, आणि आमचं ३०० नेमकं तेव्हाच ओलांडलं जातं. घरपट्टीचंही तसंच. महापालिका वर्षाच्या सुरुवातीला भरणाऱ्यांना सूट देते, एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त, पुढे कमी कमी होत जाते. सूट एप्रिलमध्ये, आणि आम्ही भरायचो मार्चअखेरीला. आता तारीख हलवली. विषय संपला.

खरी मजा नेटच्या बिलात आली.

आमचं इंटरनेट आणि केबल एकाच स्थानिक माणसाकडून. पाथर्डी फाट्याच्या बाजूला त्याचं शटरवालं दुकान आहे, भिंतीला जुने राउटर टांगलेले, खाली वायरींची भेंडोळी. नेटचे महिन्याला ७९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३ रुपये. कित्येक वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मी आधी आमच्या इमारतीत फायबर देणाऱ्या आणखी दोघांकडून तेवढ्याच स्पीडचे रेट व्हॉट्सॲपवर लेखी मागवले. तोंडी रेटाला किंमत नसते, हे खरेदी खात्यात पहिल्या महिन्यात शिकवतात.

दुकानात गेले तेव्हा तो फायबर जोडत बसला होता. हे काम मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. पिवळ्या वायरीचं वरचं कव्हर सोललं, आतला केसासारखा धागा स्पिरिटच्या फडक्यानं पुसला, कटरमध्ये ठेवून टक् करून तोडला, मग दोन टोकं एका डब्यासारख्या यंत्रात समोरासमोर ठेवून झाकण लावलं. छोट्या पडद्यावर दोन राखाडी पट्ट्या दिसल्या, सरकत सरकत जवळ आल्या, एक ठिणगी, आणि एकच पट्टी उरली. त्याचं लक्ष पडद्यावर होतं, तेव्हाच मी विषय काढला.

“ताई, रेट वरून येतो. माझ्या हातात काही नाही.”

“दारात बॅनर लावलाय, नव्या कनेक्शनला ५९९. तो कुठून आला?”

“तोपण वरूनच. पण ती नव्या गिऱ्हाइकाला स्कीम आहे.”

“मग मी आज बंद करते आणि उद्या यांच्या नावानं नवं घेते. तुम्हाला परत माणूस पाठवावा लागेल, वायर ओढावी लागेल, राउटर द्यावा लागेल. माझ्याकडे ते सगळं आधीच आहे. मी स्वस्तात पडते की तो नवा?”

तो हसला, पण मान हलली नाही. मग दुसरे दोन रेट मोबाइलवर दाखवले. त्यातल्या एकाचं नाव वाचून त्यानं तोंड वाकडं केलं. “त्याची लाइन गेली की दोन-दोन दिवस माणूस येत नाही.” हे खरं होतं, मलाही ठाऊक होतं. म्हणूनच मला त्याला सोडायचं नव्हतं. पण हे त्याला सांगायची गरज नव्हती.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते, सप्लायरलाही आणि आता यालाही: तुमच्या हातात नाही तर कुणाच्या हातात आहे, त्यांना माझ्यासमोर फोन लावा. हा प्रश्न भांडणाचा नाही, माहितीचा आहे. प्रत्येक विकणाऱ्याला थोडी सूट स्वतःच्या अधिकारात दिलेली असते, त्यापुढची वरच्याला विचारून. पहिलं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं, कारण ‘नाही’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यानं फोन लावला. पलीकडच्याशी काय बोलणं झालं कोण जाणे, पण ठेवल्यावर म्हणाला, वर्षाचे एकदम भरलेत तर ५९९ देतो.

इथे मी थांबले. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी रस्ते खणलेत, जेसीबीचा पंजा लागला की आमच्या भागातलं नेट झोपतं. अशा वेळी वर्षाचे पैसे कुणाच्या हवाली करायचे म्हणजे आपलं वजन संपलं. दर महिन्याला पैसे घ्यायला येणारा माणूस फोन उचलतो, वर्षाचे घेऊन बसलेला उचलेलच असं नाही. म्हणून सहा महिन्यांचं बोलले. शेवटी ६२५ अधिक जीएसटी, सहा महिने आगाऊ, आणि एक दिवसापेक्षा जास्त लाइन बंद राहिली तर तेवढे दिवस पुढे वाढवून द्यायचे. ही शेवटची अट त्याला पैशापेक्षा जड गेली. पण व्हॉट्सॲपवर लिहून दिली. ९४३ चे ७३७ रुपये ५० पैसे झाले. आणि मार्चमध्ये खोदकामात वायर तुटली तेव्हा दिवस वाढवूनही मिळाले, न भांडता, फक्त तो मेसेज पुढे पाठवून.

केबलच्या बिलाला घासाघीस लागलीच नाही, फक्त बिल वाचावं लागलं. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे वाहिन्या सुट्या निवडता येतात, हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण निवडतं कोण? आमच्याकडे केबलवाल्यानंच कधीतरी घातलेलं मोठं पॅकेज चालू होतं, त्यात क्रीडा, इंग्रजी सिनेमे, कुठल्या कुठल्या भाषांच्या वाहिन्या. घरात टीव्ही पाहतात त्या सासूबाई. त्यांना विचारलं, “आई, तुम्ही काय काय पाहता?” त्यांनी दोन मालिकांच्या वाहिन्या सांगितल्या, सह्याद्री सांगितलं, आणि “दुपारी बातम्या, पण त्या नसल्या तरी चालेल, डोकंच उठतं” असंही सांगितलं. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या वाहिन्या द्याव्याच लागतात, बातम्यांची त्यांची वाहिनी मोफतच्या यादीत निघाली. उरल्या दोन, प्रत्येकी १९ रुपये. जोडणीचा मूळ आकार १३० आणि वाहिन्यांचे ३८, त्यावर जीएसटी, मिळून १९८ च्या वर काही पैसे. आधी याच्या दुप्पट जात होते. मुलाच्या खोलीतला दुसरा बॉक्सही परत केला, त्याचं भाडं वेगळं लागत होतं आणि त्याच्यावर टीव्ही कुणी लावत नव्हतं.

मोबाइलच्या कंपन्यांशी बोलणं हा वेगळा वैताग. तिथे समोर माणूस नसतो, असला तरी कागदावरून वाचत असतो. कस्टमर केअरला फोन करून सूट मागितली की गोड आवाजात क्षमा मागतात आणि एक अंक दाबून समाधान नोंदवायला सांगतात. तिथे वरच्याला फोन लावा म्हणून भागत नाही, वरचा स्वतःहून फोन करील असं काहीतरी करावं लागतं. ते काही म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्यासाठी १९०० वर जाणारा एसएमएस. PORT असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून, आपला नंबर. उलट आठ अक्षरांचा कोड येतो. नवरा घाबरला होता, त्याचा नंबर सगळ्या गिऱ्हाइकांकडे आहे, बंद पडला तर? पण कोड मागवला म्हणून नंबर कुठे जात नाही. तो दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जाऊन दिला तरच पुढची गाडी हलते, नाहीतर चार दिवसांनी कोड आपोआप मरतो. अट एवढीच की नंबर त्या कंपनीत ९० दिवस झालेला असावा, आणि पोस्टपेड असेल तर बिल थकलेलं नसावं.

कोड मागवल्यावर फोन आला. या वेळची बाई कागदावरून वाचत नव्हती. का जाताय, काय अडचण आहे, असं विचारलं आणि जादा डेटा देऊ केला. हे त्यांचं आवडतं नाणं, कारण त्यांना ते जवळजवळ फुकट पडतं. नवऱ्याला आधीच शिकवून ठेवलं होतं: डेटा नको, भाडं कमी करा, नाहीतर उद्या दुकानात जातो. बराच वेळ शांतता, मग “होल्ड करा”, मग दरमहा १०० रुपये सूट, सहा महिन्यांसाठी. सहा महिने संपायच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवली आहे, कारण सूट संपल्याचं कंपनी कळवत नाही, बिल कळवतं.

सासूबाईंचा बटणांचा फोन. त्यात इंटरनेट चालतच नाही, तरी रिचार्जमध्ये रोजचा डेटा विकत घेतला जात होता. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस यांचं वेगळं रिचार्ज ठेवायला लावलं. ते ॲपच्या पहिल्या पानावर दिसत नाही, खाली खाली सरकत जावं लागतं. ८४ दिवसांचं पाचशेच्या आत मिळालं. ज्यांच्या घरी बटणांचा फोन आहे त्यांनी एवढं तरी आज करावं, यात कुणाशी बोलावंही लागत नाही.

मनोरंजनाच्या ॲपांबद्दल फार लिहीत नाही. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाची यादी असते, ती एकदा उघडून पाहा. आमच्या यादीत मुलानं दहावीत असताना लावलेलं एक गणिताचं ॲप अजून जिवंत होतं. ही कापाकापी तिथल्या तिथे होते. पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यायलाच हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्या सूचना बाकीच्या शंभर मेसेजांत वाहून जातात. रद्द करताना “थांबा, निम्म्या किमतीत देतो” अशी पाटी येते, एका ठिकाणी मी ती घेतलीही. एका ॲपनं मात्र रद्द करायचं बटणच दडवून ठेवलं होतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या प्रकाराला ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ असं नाव देऊन तो बंद केलाय. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवते म्हणून ईमेल टाकला आणि संध्याकाळपर्यंत ते रद्द झालं.

गाडीच्या विम्यात नियम आणि घासाघीस एकाच कागदावर असतात. एजंटकाका दरवर्षी एकच आकडा पाठवायचे, आम्ही भरायचो. या वेळी म्हटलं, काका, तुकडे पाडून द्या. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला २०२२ साली ठरलेला ३,४१६ रुपये, त्यात कुणीच काही करू शकत नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग प्रत्येक कंपनी आपापला लावते. आम्ही पाच वर्षांत एकही क्लेम केलेला नाही, म्हणजे त्या भागावर ५० टक्के बोनस बसतो, तो होता. पण जादा संरक्षणाच्या जोडण्या (ॲड-ऑन) अशा काही लावल्या होत्या की बोनसनं दिलेलं त्यांनी परत नेलं. दोन जोडण्या काढल्या, दुसऱ्या कंपनीचा आकडा दाखवला, त्या भागाचे ६,२०० चे ४,३०० झाले. काका थोडे हिरमुसले. त्यांचं कमिशन त्यातच होतं, हे मला कळत होतं.

सगळ्यात मोठी रक्कम निघाली ती घराच्या हप्त्यात, आणि तिथे जायला मी सगळ्यात जास्त टाळाटाळ केली. बँकेत घासाघीस करायची म्हणजे आपल्याकडे लाज वाटते. भाजीवालीशी जुडीमागे पाच रुपयांवरून हुज्जत घालणारे आपण बँकेच्या टेबलासमोर हात जोडून बसतो.

आमचं कर्ज २०१७ चं, एमसीएलआरला, म्हणजे बँक स्वतः ठरवते त्या मूळ दराला, जोडलेलं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं बाहेरच्या मानकाला जोडावी लागतात, बहुतेकांची रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते त्याला, जोडलेली आहेत. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आणला. नव्या कर्जदारांचे हप्ते उतरत गेले, आमचा दर ८.९५ वर बसून राहिला. जुनं कर्ज नव्या पद्धतीत आणून देतात, पण आपण अर्ज केला तर. बँक पत्र पाठवून बोलावत नाही.

शाखेतले साहेब म्हणाले, “मॅडम, रेट सिस्टिममधून येतो.” इथेही वरूनच! मी वाद घातला नाही. एक अर्ज तयार नेला होता. शिल्लक मुद्दल किती, आजचा दर किती, रेपोशी जोडून घेतल्यास दर किती पडेल आणि बदलाचं शुल्क किती, हे लेखी द्यावं. खाली दुसरी मागणी: कर्ज पूर्ण फेडायचं झाल्यास किती भरावे लागतील त्याचं स्टेटमेंट आणि बँकेकडे असलेल्या आमच्या मूळ कागदांची यादी. बदलत्या व्याजाचं गृहकर्ज वैयक्तिक कर्जदारानं मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, त्यामुळे ही यादी मागणारा माणूस दुसऱ्या बँकेशी बोलून आलाय हे त्यांना लगेच कळतं. मी बोलून आलेच होते. पोचेचा शिक्का मारून घेतला. तो मारताना त्यांनी पहिल्यांदा अर्ज नीट वाचला.

पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन. ७.९० देता येईल. बदलाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी भरावा लागला, त्यात त्यांनी काही सोडलं नाही. साधारण १६ लाख शिल्लक आहे, म्हणजे पहिल्या वर्षाचं व्याजच साडेसोळा हजारांच्या आसपास कमी. बँकेचा आग्रह होता की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी होईल. हिशेबानं ते बरोबर आहे, आणि ज्यांना झेपतं त्यांनी तसंच करावं. पण मला पुण्याची मेस भागवायची होती. हप्ता नऊशेहून थोडा जास्त उतरवून घेतला.

काही ठिकाणी हात लावला नाही. दूधवाला, पेपरवाला आणि स्वयंपाकाच्या मावशी यांचे आकडेही त्या वहीत होते. पेपरवाला आजही पहाटे तिसऱ्या मजल्यावर चढून दाराला पेपर लावतो आणि त्याचं महिन्याचं बिल आमच्या जुन्या नेटच्या बिलाच्या चौथाईपेक्षा कमी आहे. तिथे कोटेशन मागवण्यात मला रस नाही. नवऱ्यानं एकदा विषय काढला होता, मी वही मिटली.

आता राहिलाय आरोग्य विमा. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेवढा हप्ता हलका झाला. तरी दोन कंपन्यांचे आकडे आमच्यापेक्षा कमी आहेत. पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेता येते, जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षेचा काळ सोबत येतो, पण अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. आमचं नूतनीकरण ऑगस्टअखेर, म्हणजे जुलैच्या मध्याआधी कागद गेले पाहिजेत. नवऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती लपवायची नाही, आणि त्यामुळे नवी कंपनी नाही म्हणू शकते. म्हणून तिकडून लेखी होकार येईपर्यंत जुन्या एजंटाला काहीच बोललेले नाही. हप्त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, जिथे भरावे लागतील तिथे भरू.